भरवशाच्या पंपाचा नेम चुकतोय? औषध बदलण्याआधी पंप तपासा



खरिपाच्या फवारण्या जोरात सुरू आहेत. या आठवड्यात आपल्या सभासदांचे बरेच फोन आले आणि बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. "पंप तोच, औषध तेच, पंपाला मात्रा तीच. मागच्या वर्षी एका फवाऱ्यात तुडतुडे खाली आले होते, औंदा काहीच फरक नाही. औषध डुप्लिकेट आलं का?"

औषध खराब असू शकतं, किडीत सहनशक्ती आलेली असू शकते. पण त्या दोन्ही गोष्टी घरी बसून तपासता येत नाहीत. पंप मात्र अर्ध्या तासात तपासता येतो आणि त्याला खर्चही नाही. बंदुकीचा नेम चुकायला लागला तर जाणता माणूस लगेच नवी बंदूक घेत नाही. आधी नळी साफ करतो, मग ढिले झालेले स्क्रू बघतो, मग काडतूस आणि शेवटी स्वतःचा हात तपासतो. पंपाचंही तसंच करायचं आहे.

संदेश लांब आहे. सवडीने वाचा आणि जपून ठेवा. *खालच्या सगळ्या तपासण्या फक्त साध्या पाण्यावर करायच्या आहेत. टाकीत औषध असताना एकही करू नका. आधी पंप तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवा आणि हातात मोजे घाला.*

*नेम चुकल्याच्या खुणा*

१) त्याच वावराला दरवर्षी चार पंप लागायचे, आता तीनच लागतात किंवा पाच-सहा लागतात.
२) तणनाशक मारल्यावर पट्टे दिसतात. एक पट्टा जळालेला, शेजारचा हिरवागार.
३) झाडाच्या वरच्या पानांवरून पाणी ओघळतं आणि खालची पानं कोरडीच राहतात.
४) सकाळी मारलेल्या तासांत रिझल्ट आहे, दुपारनंतरच्या तासांत नाही.

यातली एक जरी खूण दिसली तरी औषधाला दोष देण्याआधी पंप तपासा.

*पहिला प्रश्न: मागच्या वर्षीपासून बदललं काय?*

पाना-पेचकस हातात घेण्याआधी दोन मिनिटं आठवा. नोझल बदललं का? नवी दांडी टाकली का? बॅटरी जुनी झाली का? फवारणारा माणूस बदलला का? पाणी विहिरीऐवजी नाल्यातून किंवा बोअरमधून घेतलं का? औषधात आणखी दोन गोष्टी मिसळायला लागलात का? निम्म्या वेळा उत्तर इथेच सापडतं.

आणि एक नियम पाळा. *एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग माप घ्यायचं.* नोझल, बॅटरी, पाइप सगळं एकदम बदललं तर पंप सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तीच अडचण आली की पुन्हा सगळ्याचा खर्च.

*तपासणी १: गाळण्या आणि कचरा*

पंपात एकच गाळणी नसते. टाकीच्या तोंडाला एक, टाकीच्या तळाशी पाणी ओढलं जातं तिथे एक आणि बऱ्याच पंपांत ट्रिगरच्या मुठीत किंवा नोझलच्या मागे आणखी एक बारीक गाळणी असते. ही शेवटची अनेकांना माहीतच नसते. पावडर औषधं, सूक्ष्म अन्नद्रव्यं, नाल्याचं गढूळ पाणी यांचा गाळ तिथे साचून दगडासारखा होतो.

सगळ्या गाळण्या काढा आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. नोझलही याच ब्रशने साफ करायचं. *तार, टाचणी किंवा बाभळीचा काटा छिद्रात घालू नका.* छिद्राला एक चरा पडला की फवारा कायमचा एका अंगाला जातो. आणि नोझल तोंडात धरून फुंकू तर मुळीच नका, ते विष सरळ पोटात जातं.

"गाळणीमुळे नोझल सारखं तुंबतं" म्हणून काहीजण गाळणीच काढून टाकतात. पंप भराभर चालतो, पण वाळूचे कण थेट नोझलवर आदळतात आणि दोन-तीन महिन्यांत छिद्र मोठं होतं.

*तपासणी २: दाब आणि बॅटरी*

नोझल कितीही चांगलं असलं तरी मागून दाब नसेल तर थेंब बारीक होत नाहीत आणि फवारा आखूड पडतो.

बॅटरीवर चालणाऱ्या पंपात आधी बॅटरीवर संशय घ्या. उन्हाळाभर पंप खोपटात पडून होता आणि बॅटरी एकदाही चार्ज केली नाही, तर तिची ताकद कमी झालेली असते. चार्जरचा दिवा हिरवा झाला म्हणजे बॅटरी दमदार आहे असं नाही. असा पंप सकाळी जोरात मारतो आणि पाच-सहा टाक्यांनंतर ढिला पडतो. वर सांगितलेली चौथी खूण इथलीच आहे.

तपासायचं कसं? पूर्ण चार्ज करून सकाळी एक मिनिटाचं पाणी मोजा (कृती पुढे दिली आहे). दिवसाचं काम संपताना, पंप धुतल्यावर पुन्हा मोजा. संध्याकाळचं माप सकाळपेक्षा दहाव्या हिश्श्याहून जास्त घटलं असेल तर बॅटरी बदलायला झाली. हंगाम नसतानाही महिन्यातून एकदा चार्जिंग करा, बॅटरी जास्त टिकते.

बॅटरी नवी असून दाब नसेल तर क्रमाने पुढे जा. पाइपाला चीर, पाइपाचा क्लिप ढिला, दांडीच्या जोडातलं वायसर कडक झालेलं, मोटरमधला रबरी पडदा फाटलेला. हातपंप असेल तर दट्ट्याचं वायसर आणि झडप पाहा. स्पीडचा नॉबही बघून घ्या, बॅटरी पुरावी म्हणून कोणीतरी तो कमी करून ठेवलेला असतो.

जोडातून गळत असेल तर दोरी किंवा प्लास्टिक गुंडाळून चालवू नका. वायसर दहा-वीस रुपयांत मिळतं. गळणारं औषध पाठीवर, मांडीवर, हातावर येतं आणि ओल्या कातडीतून शरीरात जातं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गळका पंप दुरुस्त करणं हा फक्त औषध वाचवण्याचा विषय नाही.

*तपासणी ३: नोझल*

सगळ्यात जास्त दोष इथे सापडतो, कारण नोझल हळूहळू झिजतं आणि नुसत्या डोळ्यांना ती झीज दिसत नाही.

आधी नोझल कामाचं आहे का ते बघा. कीटकनाशक आणि बुरशीनाशकाला पोकळ शंकूचा फवारा देणारं नोझल लागतं. त्याचे थेंब बारीक असतात आणि झाडात आतपर्यंत फिरतात. तणनाशकाला पंख्यासारखा चपटा फवारा देणारं नोझल लागतं. त्याचे थेंब जाड असतात आणि जमिनीवर सरळ पट्टा पडतो. अदलाबदल झाली तर नवं कोरं नोझलही नेम चुकवतं.

आता फवाऱ्याचा आकार बघा. कोरड्या सिमेंटच्या ओट्यावर किंवा भिंतीवर साधं पाणी मारा. शंकूच्या नोझलची ओल सगळीकडून सारखी गोल दिसली पाहिजे. एक बाजू जाड, एक बाजू विरळ किंवा मधूनच धार पडत असेल तर नोझल गेलं. पंख्याच्या नोझलने ओट्यावर एक पट्टा मारा आणि वाळताना बघत राहा. पट्ट्यात काही रेघा आधी वाळल्या आणि काही ओल्याच राहिल्या तर पाणी सारखं पडत नाही. तण जळाल्यावर शेतात दिसणारे पट्टे हेच.

*एका मिनिटाचं माप*

घड्याळ लावून बरोबर एक मिनिट नोझलचं पाणी बादलीत घ्या आणि मापाच्या भांड्याने मोजा. तीन वेळा करा आणि सरासरी काढा. मग त्याच कंपनीचं, त्याच नंबरचं नवं नोझल लावून त्याच दाबावर तेच करा.

*जुन्या नोझलचं पाणी नव्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त पडत असेल तर जुनं फेकून द्या.* म्हणजे नव्यातून ९०० मिलि पडतं आणि जुन्यातून ९९० मिलिपेक्षा जास्त, तर त्याचं आयुष्य संपलं. कमी पडत असेल तर ते तुंबलंय, साफ करून पुन्हा मोजा.

पितळेचं नोझल दिसायला मजबूत असतं, पण पितळ मऊ असल्यामुळे तेच लवकर झिजतं. चांगल्या प्रतीचं प्लास्टिक त्यापेक्षा जास्त टिकतं, स्टेनलेस स्टीलही जास्त टिकतं, आणि सिरॅमिकचं सगळ्यात जास्त. पावडर औषधं आणि गढूळ पाणी वापरणाऱ्यांचं नोझल लवकर जातं.

काही ठिकाणी फवारणीची मजुरी पंपावर ठरते. मग टाकी लवकर रिकामी व्हावी म्हणून नोझलमधली चकती काढून टाकतात किंवा छिद्र मोठं करतात. मजुराला दोष देऊन उपयोग नाही, हिशोबच तसा ठरवलेला असतो. जमलं तर मजुरी एकरावर ठरवा आणि सकाळी नोझल स्वतः उघडून बघा.

*यात पैसा कसा जातो, ते आकड्यात*

समजा एका औषधाची मात्रा एकरी २०० मिलि आहे. फवाऱ्याचा पट्टा एक मीटर रुंद आणि तुम्ही मिनिटाला ६० मीटर चालता. म्हणजे मिनिटाला ६० चौरस मीटर होतात आणि एकराला, म्हणजे साधारण ४००० चौरस मीटरला, ६७ मिनिटं लागतात.

• नोझल चांगलं, मिनिटाला ९०० मिलि: एकरी ६० लिटर पाणी, १५ लिटरचे ४ पंप. पंपाला ५० मिलि, एकरी २०० मिलि. हिशोब बरोबर.
• नोझल झिजलेलं, मिनिटाला १२०० मिलि: एकरी ८० लिटर, सव्वापाच पंपांच्या वर. पंपाला तेच ५० मिलि घातलं तर एकरी सुमारे २६५ मिलि गेलं. तिसरा हिस्सा औषध जास्त, थेंब जाड, पानावरून ओघळून जमिनीवर.
• नोझल तुंबलेलं, मिनिटाला ६०० मिलि: एकरी ४० लिटर, पावणेतीन पंपांच्या आत. एकरी सुमारे १३३ मिलिच गेलं. कीड अर्धी मेली, अर्धी वाचली. वाचली ती पुढच्या वेळी आणखी चिवट होते.

तिन्ही वेळा शेतकरी म्हणणार, "पंपाला ५० मिलिच घातलं होतं." म्हणूनच *मात्रा नेहमी एकराची लक्षात ठेवा आणि पंपाची मात्रा आपल्या पंपाच्या मापावरून काढा.* शेजाऱ्याच्या पंपाची मात्रा आपल्या पंपाला लागू पडतेच असं नाही. पेट्रोल पंपाला तर साध्या पंपाची मात्रा कधीच लावू नका, त्याचं पाण्याचं माप वेगळं असतं.

*तपासणी ४: आपला हात आणि आपली चाल*

पंप पास झाला तर आता फवारणारा माणूस. ही तपासणी एका गुंठ्यावर होते.

३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा आखा, म्हणजे एक गुंठा झाला. टाकीत मोजून ५ लिटर साधं पाणी टाका. नेहमीच्या चालीने, नेहमीच्या हाताने तो गुंठा मारा. उरलेलं पाणी मोजा. जितकं लागलं त्याला ४० ने गुणा, ते तुमचं एकरी पाणी. दीड लिटर लागलं तर एकरी ६० लिटर.

घरातले दोघं फवारत असतील तर दोघांचं माप वेगवेगळं घ्या. एकाच पंपाने बापाचं ६० लिटर आणि मुलाचं ४५ लिटर येऊ शकतं. पोरगं चालतं झपाझपा. कोणाची चूक नाही, पण मात्रा दोघांना वेगळी काढावी लागेल.

तणनाशक मारताना नोझल तणाच्या शेंड्यापासून साधारण दीड फुटावर आणि एकाच उंचीवर धरा. दांडी डावी-उजवीकडे हलवू नका. हलवली की नागमोडी पट्टे पडतात आणि मधले त्रिकोण कोरडे राहतात.

कीटकनाशकाची गोष्ट वेगळी आहे. तुडतुडे आणि पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला असतात. वरून मारलेला फवारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नोझल खालून वर करून मारावं लागतं. पोचतंय का हे बघायला कोऱ्या पांढऱ्या कागदाचे तुकडे टाचणीने पानांना लावा: शेंड्याला, मधल्या पानाला, खालच्या पानाला आणि एक पानाच्या मागच्या बाजूला. टाकीतल्या साध्या पाण्यात थोडी कपड्याची नीळ घाला आणि फवारा. कागदावर ठिपके कुठे आले आणि कुठे नाहीत ते स्वतःच दिसेल. मागचा कागद कोरा असेल तर तुडतुडे का मेले नाहीत हे विचारायला नको.

*तपासणी ५: वारा आणि पाणी*

हे दोन शेवटी घेतलेत, कारण ते पंपात नसतात. पण नेम तेही चुकवतात.

पानं नुसती सळसळत असतील तर फवारणी चालेल. फांद्या हलायला लागल्या की थांबा. दुपारच्या कडक उन्हात बारीक थेंब पानावर पडण्याआधीच सुकतात. सकाळ किंवा दुपारनंतर ऊन उतरल्यावरची वेळ धरा. शेजारी कपाशी असेल तर २,४-डी सारखं तणनाशक वाऱ्यात मारूच नका. कपाशीला त्याचा वारासुद्धा सहन होत नाही, पानं भेंडीच्या पानासारखी चिरकी होतात. तणनाशकाचा पंपही वेगळाच ठेवा. टाकीत आणि पाइपात राहिलेला अंशसुद्धा पऱ्हाटी बिघडवायला पुरतो.

पाण्याचं म्हणाल तर गढूळ पाण्यात काही तणनाशकं मातीच्या कणांना चिकटून निकामी होतात. बोअरच्या जड पाण्यातही काहींचा जोर कमी होतो. पावडर औषध थेट टाकीत ओतू नका. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग टाकीत घाला आणि मधून मधून टाकी हलवा. नाहीतर औषध तळाशी बसतं आणि एकाच टाकीत काही तास पातळ, काही तास कडक होतात.

*पंप पास झाला, तरी रिझल्ट नाही?*

मग औषधाकडे आणि किडीकडे वळू. औषधाचं पक्कं बिल, डबा आणि उरलेलं औषध जपून ठेवा, डब्यावरच्या बॅच नंबरचा आणि तारखेचा फोटो काढा. या गोष्टी असतील तरच तालुका कृषी कार्यालयात तक्रार नीट करता येते. तुमचं एका मिनिटाचं माप आणि एकरी पाणीही लिहून न्या. "पंप बरोबर नसेल" हे पहिलं उत्तर तिथेच बंद होतं.

किडीचाही स्वभाव बघा. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की कुठल्याच पंपाचा नेम तिच्यापर्यंत जात नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावून रोज पतंग मोजायचे. सलग तीन दिवस एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आले की मगच फवारणीचा निर्णय.

एक गोष्ट मात्र करू नका. *रिझल्ट नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नका, दोन-तीन औषधं एकत्र कालवू नका.* नोझल झिजलेलं असेल तर आधीच जास्त औषध जातंय. त्यात दुप्पट मात्रा म्हणजे पीक जळणार, खर्च वाढणार आणि फवारणाऱ्याच्या अंगावर विष जास्त येणार. फवारताना चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, जास्त घाम किंवा तोंडाला लाळ सुटली तर काम लगेच थांबवा, कपडे बदला, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डब्यावरचं नाव वाचल्यावरच डॉक्टरांना नेमका उपचार करता येतो.

*थोडक्यात क्रम*

१) काय बदललं ते आठवा
२) तिन्ही गाळण्या साफ करा
३) बॅटरी आणि दाब तपासा, गळती बंद करा
४) नोझलचा आकार बघा आणि एका मिनिटाचं माप घ्या
५) एका गुंठ्यावर आपली चाल मोजा
६) वारा, वेळ आणि पाणी बघा
७) मगच औषधावर संशय घ्या

आपल्या कंपनीच्या केंद्रावर मापाचं भांडं आणि तुलनेसाठी नवी नोझलं ठेवली आहेत. येताना पंप धुऊन, पूर्ण चार्ज करून आणा. सकाळी ९ ते ११ या वेळात मी स्वतः माप घेऊन देईन, त्याला पैसे नाहीत. ज्यांनी घरीच तपासलं त्यांनी याच संदेशाला उत्तर म्हणून तीन आकडे पाठवा: नव्या नोझलचं मिनिटाचं पाणी, जुन्या नोझलचं मिनिटाचं पाणी आणि एका गुंठ्याला लागलेलं पाणी. त्यावरून तुमच्या पंपाला किती औषध घालायचं ते मी काढून पाठवतो.

पुढची फवारणी करण्याआधी एवढं कराच. ज्या सभासदांकडे साधा फोन आहे त्यांना हा संदेश वाचून दाखवा.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी